कारोय कार्पाती: बर्लिनला जाऊन सुवर्ण जिंकलेला ज्यू पैलवान. त्याने जायला हवं होतं का?

कोयनाकाठ

१९३६ ची बर्लिन ऑलिंपिक म्हटली की आपल्याकडे दोन नावं लगेच निघतात, ध्यानचंद आणि जेसी ओवेन्स. मला इथे तिसरं नाव मांडायचं आहे. हंगेरीचा कारोय कार्पाती. ज्यू, फ्रीस्टाइलचा पैलवान. हिटलरच्या राजधानीत, जर्मन प्रेक्षकांसमोर, जर्मनीच्या वोल्फगांग एर्लला मागे टाकून त्याने लाइटवेट गटाचं सुवर्ण घेतलं.

जन्म १९०६, गाव एगेर. मूळ आडनाव केलनर. पुढे हंगेरियन वळणाचं कार्पाती घेतलं. तेव्हाच्या हंगेरीत पुष्कळ ज्यू घरांनी असं केलं होतं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तो ग्रीको-रोमनमध्ये उतरला आणि चौथा आला. तिथे इस्टोनियाच्या व्यालीने सुवर्ण नेलं. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये फ्रीस्टाइलच्या लाइटवेट गटात रौप्य, फ्रान्सच्या शार्ल पाकोमच्या मागे. आणि १९३६ ला, वयाच्या तिसाव्या वर्षी, सुवर्ण. चौथा, दुसरा, पहिला. तीन ऑलिंपिक, दोन शैली, मध्ये वजनगटही बदललेला.

त्याच्यावर जे थोडंफार लिहिलं जातं ते 'हिटलरला चपराक' एवढ्यावर संपतं. मला ते अपुरं वाटतं. आठ वर्षं चढत गेलेला हा कुस्तीगीर होता. ती चढण कुणी बघत नाही.

आता प्रश्न. त्याच वेळी काही ज्यू पैलवानांनी बर्लिनवर बहिष्कार टाकला. व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबचा निकोलाउस हिर्शल, डेन्मार्कचा अब्राहम कुरलांड. दोघेही १९३२ चे पदकविजेते. ते गेले नाहीत, कार्पाती गेला. तुमच्या मते कुणाचं बरोबर होतं? माझं मत कार्पातीच्या बाजूने आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

सरोज_पेण

नावही ऐकलं नव्हतं. वाचतेय. पुढे त्याचं काय झालं? युद्धात वाचला का?

लालमाती

धागा आवडला. कोयनाकाठ यांनी 'दोन शैली' असं एका शब्दात उरकलंय, तिथे थोडं थांबू या, कारण कुस्ती न खेळलेल्याला त्यातलं अवघडपण कळायचं नाही.

ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाने डाव करायचा नाही. म्हणजे पट (पाय धरून पाडण्याचा डाव) गेला, टांग गेली, मोळी गेली, ढाकही पाय न लावता मारायची. उरते छाती, खांदे, कवळ आणि उचलून फेकण्याची ताकद. पैलवान ताठ उभा राहतो. फ्रीस्टाइलमध्ये असा ताठ उभा राहिलात की समोरचा दुहेरी पट काढून तुम्हाला खाली घेणारच. त्यामुळे उभं राहण्यापासून सगळं बदलावं लागतं. कंबर खाली, पाय मागे, नजर समोरच्याच्या मांड्यांवर.

आमच्या तालमीतली पोरं मातीवरून गादीवर जातात तेव्हा सहा-सहा महिने चाचपडतात. तिथे तर शैली बदलत नाही, फक्त जमीन बदलते आणि गुण मोजायला लागतात. हा गडी एका शैलीत ऑलिंपिकमध्ये चौथा येतो आणि चार वर्षांनी दुसऱ्या शैलीत रौप्य घेतो! हे मला सुवर्णापेक्षा मोठं वाटतं.

हिर्शलचं मात्र कोयनाकाठ यांनी अर्धंच सांगितलं. त्याने १९३२ ला एकाच ऑलिंपिकमध्ये हेवीवेटची दोन कांस्यपदकं घेतली, एक फ्रीस्टाइलचं आणि एक ग्रीको-रोमनचं. चार वर्षंही मध्ये नाहीत. काही दिवसांत शरीराला सांगायचं की आता पाय विसर.

गोट्या_९०

एका ऑलिंपिकमध्ये दोन शैली? मला एका जिन्यात दोन मजले होत नाहीत. हिर्शलचा खुराक काय होता ते आधी सांगा.

लालमाती

@गोट्या_९०, त्याच्या वडिलांचं मांसाचं दुकान होतं. बाकी तुम्ही समजून घ्या. :)

प्रश्नचिन्ह

एक शंका. 'एर्लला अंतिम फेरीत हरवलं' असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. तेव्हा अंतिम फेरी असायची का? की साखळी?

लालमाती

आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. दोषगुणांची पद्धत होती. चितपट करून जिंकलात तर शून्य. गुणांवर जिंकलात तर एक दोषगुण. तीन पंचांपैकी एकाने तुमच्या बाजूने कौल दिला आणि तरी हरलात तर दोन. सरळ हरलात तर तीन. पाच झाले की घरी. म्हणजे एक कुस्ती हरूनही माणूस टिकायचा, आणि नुसत्या गुणांवर जिंकत राहिला तरी हळूहळू पाचाकडे सरकायचा.

यात डोकं लागतं. कुणाला चितपट करायलाच हवं, कुणाशी गुणांवर भागेल, हा हिशेब आधी मांडावा लागतो. शेवटी जे दोन-तीन उरतात त्यांच्यात पदकं ठरतात. बर्लिनच्या लाइटवेटात पहिला कार्पाती, दुसरा एर्ल, तिसरा फिनलंडचा हेरमानी पिहलायामाकी. एर्ल ऐरागैरा नव्हता. १९३२ ला ग्रीको-रोमनच्या फेदरवेटात रौप्य घेतलेला होता. म्हणजे तोही दोन शैलींचा. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. कार्पातीला सोपं काहीच नव्हतं.

वऱ्हाडी_ठसका

बर्लिन १९३६ निघालंच आहे तर अमरावतीचं सांगायलाच पाहिजे. आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच ऑलिंपिकला बर्लिनमध्ये होतं! भारतीय व्यायामप्रकारांची आणि कबड्डीची प्रात्यक्षिकं त्यांनी केली. मंडळात त्याबद्दल अजूनही अभिमानाने बोलतात. कार्पाती ज्या शहरात कुस्ती खेळत होता तिथेच त्या दिवसांत आपली विदर्भातली पोरं होती.

आबा_सांगली

वऱ्हाडी यांनी छान आठवण काढली. त्यात एक भर घालतो. भारताचे पैलवानही बर्लिनच्या कुस्तीत होते. बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये शंकरराव थोरात उतरले होते. त्या गटाचं सुवर्ण गेलं ओदोन झोंबोरीकडे, आणि तोही हंगेरीचाच, कार्पातीच्या संघातला. म्हणजे मराठी माणूस त्याच दिवसांत त्याच आखाड्यात होता. आमच्या पिढीलासुद्धा थोरातांचं नाव कुणी सांगितलं नाही, खाशाबांपासूनच सुरुवात करतात.

हंगेरीच्या कुस्तीची परंपरा जुनी. त्यात ज्यू नावही पहिल्यापासून आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमनच्या सर्वात वरच्या वजनगटाचं सुवर्ण रिखार्ड वाइसने नेलं. बुडापेस्टचा, ज्यू. कार्पाती लहान असताना हंगेरीत कुस्ती म्हटलं की वाइसचं नाव घेतलं जात असणार. तेव्हा कार्पाती काही आकाशातून पडला नाही.

मीनल_न्यूजर्सी

माझं मत सरळ आहे. हिर्शल आणि कुरलांड यांचं बरोबर. १९३६ पर्यंत ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्युरेंबर्गचे कायदे होऊन वर्ष होत आलं होतं. जर्मनीने स्वतःच्या ज्यू खेळाडूंना क्लबांतून काढलं होतं. उंच उडीत ग्रेटेल बेर्गमानने राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली तरी तिला संघातून वगळलं. अशा यजमानाच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, त्याने बांधलेल्या सभागृहात खेळायचं, विजेत्यांना तो देत होता ते ओकचं रोपटं त्याच्या हातून घ्यायचं, म्हणजे त्या सोहळ्याला मान देणंच झालं. तुम्ही जिंकलात तरी यजमान जगाला सांगणारच, 'बघा, आमच्याकडे ज्यूसुद्धा खेळतात आणि जिंकतात.' त्याने तेच केलं.

बुडापेस्टवासी

मीनलताई, तुमचा मुद्दा समजतो, पण मी इथे बुडापेस्टमध्ये नोकरीनिमित्त राहतोय आणि इथून ते चित्र थोडं वेगळं दिसतं.

व्हिएन्नाचा हाकोआ हा ज्यू क्लब होता. छातीवर दावीदाचा तारा लावून खेळायचा. हिर्शलच्या मागे एक अख्खी संस्था उभी होती. त्याच क्लबच्या जलतरणपटू युडिट डॉइचनेही बर्लिनला नकार दिला, आणि ऑस्ट्रियाच्या संघटनेने तिच्यावर बंदी घातली. बहिष्काराची किंमत त्यांनी मोजली, पण ती एकत्र मोजली.

हंगेरीच्या ज्यूंचं तसं नव्हतं. बहुतेक जण स्वतःला आधी हंगेरियन समजत. विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवणारा कायदा इथे १९२० पासूनच होता. देशात सतत कुणीतरी विचारत होतं, तुम्ही खरे आमचे का? अशा वेळी ऑलिंपिकला जायचं नाही म्हटलं असतं तर बहिष्कार जर्मनीवर झाला नसता, 'हे लोक देशासाठी खेळत नाहीत' असा बोभाटा इथे घरात झाला असता.

आणि कार्पाती एकटा नव्हता. त्या संघात तलवारबाजीचा एंद्रे काबोश होता, त्याने बर्लिनमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णं घेतली. इलोना एलेकने महिलांच्या फॉइलमध्ये (हाही तलवारबाजीचाच प्रकार) सुवर्ण घेतलं, तिचे वडील ज्यू. इबोया चाक उंच उडीत पहिली आली. तेच मैदान, जिथून बेर्गमानला बाहेर ठेवलं होतं. वॉटरपोलोच्या विजेत्या संघात ग्यॉर्ग ब्रोदी आणि मिक्लोश शारकानी. हंगेरीने बर्लिनमध्ये दहा सुवर्णं घेतली, त्यातली मोजा आता.

प्रश्नचिन्ह

बेर्गमान आणि चाक एकाच प्रकारात! हे एकत्र ठेवून कधी वाचलं नव्हतं.

मीनल_न्यूजर्सी

@बुडापेस्टवासी, पण त्या पदकांनी त्यांना वाचवलं का? १९३८ मध्ये हंगेरीने पहिला ज्यूविरोधी कायदा केलाच, म्हणजे ओकची रोपटी रुजतात न रुजतात तोच. १९३९ ला दुसरा, १९४१ ला तिसरा. 'आम्ही तुमचेच' हे सिद्ध करायला गेलेल्यांना देशाने काय परत दिलं?

बुडापेस्टवासी

काहीच नाही. आणि इथेच सरोजताईंच्या प्रश्नाचं उत्तर येतं.

युद्धात हंगेरीच्या ज्यू पुरुषांना सैन्यात बंदूक देत नसत. त्यांना सक्तीच्या श्रमतुकड्यांत घालत. अंगावर स्वतःचेच कपडे, दंडाला पिवळी पट्टी, हातात फावडं. खंदक खणायचे, रस्ते साफ करायचे, कधी सुरुंगांच्या शेतात पुढे चालायचं. हंगेरीची दुसरी सेना डॉन नदीवर रशियाशी लढायला गेली तेव्हा या तुकड्याही बरोबर नेल्या. ऑलिंपिक विजेता कार्पातीसुद्धा अशाच तुकडीत युक्रेनमध्ये होता.

डाविडोव्का नावाच्या ठिकाणी त्याच्याबरोबर अतिला पेत्शाउएर होता. सेबर या तलवारबाजीच्या प्रकाराचा जादूगार म्हणावा असा खेळाडू, १९२८ आणि १९३२ मध्ये हंगेरीला सांघिक सुवर्ण मिळवून देणारा, १९२८ ला वैयक्तिक रौप्यही. कार्पातीने पुढे सांगितलं ते असं: तिथल्या अधिकाऱ्यांत कालमान चेह होता. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये हंगेरीकडून घोडेस्वारीत खेळलेला, पेत्शाउएरचा जुना ओळखीचा. ओळख पटल्यावर पेत्शाउएरला आशा वाटली असेल. चेहने पहारेकऱ्यांना त्याच्यामागे लावलं. भर हिवाळ्यात त्याला कपडे काढून झाडावर चढवलं, कोंबड्यासारखं आरवायला लावलं आणि वरून पाण्याचे फवारे मारले. अंगावर बर्फ झालं. जानेवारी १९४३ मध्ये तो गेला.

पेत्शाउएरच्या शेवटाबद्दल वेगळं सांगणारेही आहेत, म्हणून 'कार्पातीने सांगितलेलं' असंच मी लिहिलं आहे.

एक लक्षात घ्या. अ‍ॅमस्टरडॅम १९२८ ला हे तिघेही एकाच देशाच्या पथकात होते. कार्पाती, पेत्शाउएर, चेह.

सरोज_पेण

काय बोलावं कळत नाही. एकाच पथकातले.

कोयनाकाठ

बुडापेस्टवासी, धन्यवाद. हे मी पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम ठेवलं नव्हतं, कारण हे वाचल्यावर कुस्तीकडे कुणाचं लक्ष राहत नाही. पण सांगायलाच हवं होतं, आणि तुम्ही नीट सांगितलंत.

कार्पाती वाचला. बुडापेस्टला परतला, प्रशिक्षक झाला, कुस्तीवर पुस्तकं लिहिली, आणि १९९६ मध्ये, नव्वदीत गेला. काबोश मात्र नाही वाचला. ४ नोव्हेंबर १९४४ ला बुडापेस्टच्या मार्गारेट पुलावर स्फोट झाला, त्यात गेला. १९२८ च्या सेबर संघातला यानोश गाराय माउथहाउझेनच्या छळछावणीत संपला.

नाना_घाटकोपर

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण बर्लिनच्या कुस्तीत आणखी एक माणूस होता, त्याचं नाव या धाग्यात यायलाच हवं. वेर्नर झेलेनबिंडर. ज्यू नव्हता. जर्मन, कम्युनिस्ट, ग्रीको-रोमनचा मोठा पैलवान. पदक मिळालं तर मंचावर नाझी सलामी द्यायची नाही, असं त्याने साथीदारांशी ठरवलं होतं. चौथा आला. मंचावर चढायची वेळच आली नाही. पुढे भूमिगत काम करताना पकडला गेला आणि १९४४ मध्ये त्याला देहदंड दिला.

मीनल यांच्या प्रश्नाला माझ्याकडून हेच उत्तर. मैदानावर जाऊनही विरोध करता येतो. झेलेनबिंडर घरीच बसला असता तर कुणाला कळलं असतं?

मीनल_न्यूजर्सी

@नाना, पण कुणालाच कळलं नाही ना त्या दिवशी! चौथा आल्यावर सगळं मनातच राहिलं. पदकावर अवलंबून असलेला निषेध फार कच्चा असतो. हिर्शलचा निषेध त्याच्या दंडाच्या ताकदीवर अवलंबून नव्हता.

लालमाती

हा मुद्दा वजनदार आहे. मान्य.

आबा_सांगली

थोडं पुढे जाऊ या, हेलसिंकीला. १९५२ म्हटलं की आपण खाशाबा जाधवांचं कांस्य काढतो, आणि काढावंच. गोळेश्वरचा पैलवान, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पाठवलेला. जपानचा इशिई पहिला, सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव दुसरा, आपले खाशाबा तिसरे. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

त्याच हेलसिंकीत कुस्तीच्या मॅटवर तीन ज्यू पैलवानांनी पदकं घेतली, ते कुणी सांगत नाही.

एक, हेन्री विटेनबर्ग. अमेरिकेचा, न्यूयॉर्क पोलिसांत नोकरीला. शाळेत बुद्धिबळ खेळायचा, कुस्तीला कॉलेजात लागला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट फ्रीस्टाइलचं सुवर्ण, तेही छातीचा स्नायू दुखावलेला असताना. मग निवृत्त झाला, १९५२ ला परत आला आणि रौप्य घेतलं. लंडनला खाशाबाही होते, फ्लायवेटात सहावे आले होते. म्हणजे या दोघांनी लागोपाठ दोन ऑलिंपिक एकत्र केली. पुढे १९५५ मध्ये खाशाबाही पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. दोघेही वर्दीतले पैलवान. एकाला न्यूयॉर्कमध्ये नोकरी करता करता पुन्हा ऑलिंपिकला जाता आलं. आपल्या माणसाच्या वाट्याला तसा आधार आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा, मॉस्कोचा बोरिस गुरेविच, ग्रीको-रोमन फ्लायवेटचं सुवर्ण. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिंपिक.

तिसरा याकोव पुंकिन. त्याचं ऐका. युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाचा. युद्धात जर्मनांच्या कैदेत सापडला. ज्यू असल्याचं कळलं असतं तर त्याच दिवशी गोळी होती. त्याने आपण कॉकेशसमधला, ओसेतियन मुसलमान आहोत असं सांगितलं आणि युद्ध संपेपर्यंत ते निभावलं. हाडांचा सापळा होऊन बाहेर पडला. सात वर्षांनी हेलसिंकीत ग्रीको-रोमन फेदरवेटचं सुवर्ण, हंगेरीच्या इमरे पोयाकच्या पुढे. हा पोयाक पुढे १९५६ आणि १९६० ला पुन्हा रौप्यावर थांबला आणि १९६४ ला एकदाचं सुवर्ण घेतलं. यावरून पुंकिनने कुणाला मागे टाकलं ते समजा.

सरोज_पेण

आबा, पुंकिनवर तुम्ही वेगळं लिहाच.

खेळगडी

आबांनी एक गुरेविच सांगितला, दुसरा मी सांगतो. नाव तेच, बोरिस गुरेविच, पण कीवचा आणि फ्रीस्टाइलचा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मिडलवेटचं सुवर्ण. त्याच्या आदल्या वर्षी, १९६७ ला, जागतिक फ्रीस्टाइल स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली होती, आणि त्यात तो जगज्जेता झाला! त्याच स्पर्धेत आपल्या बिशंबर सिंगने ५७ किलोत रौप्य घेतलं. दोन गुरेविचांची पदकं एकाच माणसाच्या नावावर टाकण्याचा घोळ पुष्कळ जण घालतात, म्हणून लिहिलं.

नाओमी_अश्दोद

नमस्कार. मी बेने इस्रायल. आजोबा अलिबागजवळच्या गावचे. इथे अश्दोदमध्ये घरात अजून मराठी बोलतो. हा धागा माझ्या मावसभावाने पाठवला.

नेतान्याजवळ विंगेट इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या ज्यू क्रीडापटूंच्या गौरवदालनात कार्पातीचं नाव आहे. पण आमच्याकडे ज्यू कुस्तीगीर म्हटलं की मनात आधी म्युनिक येतं. ५ सप्टेंबर १९७२, ऑलिंपिक चालू असताना पॅलेस्टिनी दहशतवाद्यांनी आमच्या इस्रायली पथकावर हल्ला केला तो दिवस. जे अकरा गेले त्यातले चौघे कुस्तीचे होते, हे बाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. योसेफ गुटफ्रॉइंड कुस्तीचे पंच. दाराशी आवाज ऐकून त्यांनी आपलं धिप्पाड अंग दाराला लावलं, तेवढ्या वेळात खोलीतला तुविया सोकोलोव्स्की खिडकीतून निसटला. मोशे वाइनबर्ग कुस्तीचे प्रशिक्षक, निशस्त्र होते तरी दोनदा हल्लेखोरांवर धावून गेले. त्याच झटापटीत आमचा हलक्या वजनाचा पैलवान गाद त्सोबारी तळघरातून पळाला आणि वाचला. एलिएझेर हाल्फिन रिगाहून आलेला, चोवीस वर्षांचा. मार्क स्लाविन मिन्स्कचा, अठरा वर्षांचा, त्याच वर्षी इस्रायलला आला होता. आपली पहिली ऑलिंपिक कुस्ती खेळायला म्युनिकला गेला होता. ती झालीच नाही.

ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांच्यासाठी मौन पाळायला टोकियो उजाडावं लागलं, २०२१. एकोणपन्नास वर्षं त्यांच्या घरचे लोक मागत होते.

कोयनाकाठ

नाओमीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याला अर्थ आला. स्लाविनबद्दल मला ठाऊक नव्हतं.

वऱ्हाडी_ठसका

नाओमीताई, इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं ना? त्यात हे येऊ द्या.

नाओमी_अश्दोद

हो, निघतं. विचारते. वऱ्हाडी, तुमच्याकडे सांबारवडी अजून मिळते ना? आमच्या शेजारच्या काकू नागपूरच्या, त्यांची आठवण झाली.

वऱ्हाडी_ठसका

मिळते म्हणजे काय, या तुम्ही! हिवाळ्यात या, कोथिंबीर तेव्हा चांगली असते.

गोट्या_९०

कुस्तीच्या धाग्यावर खुराक शेवटी आलाच.

प्रश्नचिन्ह

मूळ प्रश्नाकडे येऊ का? मला वाटतं आपण हिर्शल आणि कार्पाती यांची तुलना आज, पुढचं सगळं माहीत असताना करतोय. १९३६ च्या ऑगस्टमध्ये छळछावण्या माहीत होत्या, मृत्युछावण्या नव्हत्या. कार्पातीसमोर प्रश्न एवढाच होता की तिशी आली, १९४० पर्यंत शरीर टिकणार नाही, सुवर्णाची ही शेवटची संधी. कुठला पैलवान ती सोडेल?

लालमाती

पैलवान म्हणून सांगतो. लॉस एंजेलिसचं रौप्य घेऊन घरी बसलेला माणूस चार वर्षं रोज पहाटे फक्त एका कुस्तीचा विचार करतो, जी हरला ती. कार्पाती कदाचित जर्मनीशी लढायला गेलाच नसेल. पाकोमशी हरलेली कुस्ती भरून काढायला गेला असेल. त्याला आपण निशाण बनवलं, ते आपलं.

मीनल_न्यूजर्सी

लालमाती, हे पटतं. पण मग हिर्शलकडेही तसंच बघा ना. त्याच्याही हातात दोन कांस्यं होती आणि त्यालाही सुवर्ण हवं असणार. १९३२ च्या हेवीवेटात दोन्ही शैलींची सुवर्णं नेली ती स्वीडनच्या रिक्तहोफ आणि वेस्टरग्रेन यांनी, दोघेही त्याच्याहून वयाने मोठे. १९३६ मध्ये त्याची खरी वेळ आली असती. त्याने तीच सोडली. पुढे ऑस्ट्रिया सोडून पॅलेस्टाइनला आणि मग ऑस्ट्रेलियाला गेला. सुवर्ण कधीच मिळालं नाही. कार्पातीवर दालनं आणि धागे निघतात. हिर्शलला न खेळलेल्या कुस्त्यांसाठी कोण लक्षात ठेवणार?

कोयनाकाठ

मीनलताई, हिर्शलने जे सोडलं त्याचं वजन तुम्ही नेमकं दाखवलंत. तरीही माझं मत कार्पातीकडेच. कारण त्या ऑगस्टमध्ये डॉइचलांडहालेच्या मॅटवर एक ज्यू माणूस प्रत्यक्ष उभा होता, आणि वंशाचं सगळं तत्त्वज्ञान त्याला तिथून हलवू शकलं नाही. ज्या अमेरिकेने मोठ्या चर्चेनंतर संघ पाठवला, तिने ऐन वेळी मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या आपल्याच दोन ज्यू धावपटूंना रिले संघातून काढलं. म्हणजे ज्यूंनी तिथे दिसूच नये असं वाटणारे फक्त जर्मनीत नव्हते. हिर्शल नसणं हे अनेकांच्या सोयीचं होतं. कार्पाती असणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं.

मीनल_न्यूजर्सी

सोयीचा मुद्दा चांगला मांडलात, पण मला तो अजून पटत नाही. ग्लिकमनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तो गेला, आणि शेवटी बाकावर बसवला गेला. आपल्याला खेळू देतील की नाही हे ज्याच्या हातात आहे त्याच्या दारात जाण्यापेक्षा हिर्शल व्हिएन्नात राहिला, ते मला जास्त ताठ मानेचं वाटतं.

आबा_सांगली

दोघंही आपापल्या जागी घट्ट उभे आहात, कुस्ती बरोबरीत सोडवायला मी पंच नाही. पुंकिनवर लिहायला घेतलंय, रविवारपर्यंत टाकतो. बुडापेस्टवासी, पोयाकबद्दल तिथे हंगेरियनमध्ये काही सापडलं तर मला कळवा.